बघण्याच्या कार्यक्रमाला खुणांची बाई

सहा फेब्रुवारी, गुरुवार. शाळेत बसून खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांची यादी नव्यानं लिहायला घेतली होती. जुन्या यादीत अकरा नावं होती. एकेकाला फोन लावायचा आणि विचारायचं, अजून हे काम करता का, कुठवर येता, दवाखान्यात चालेल का, पोलीस स्टेशनात चालेल का. दुपारपर्यंत अकराची पाच झाली. एक जण दुबईला गेला होता, दोघी लग्न होऊन नाशिककडे गेल्या होत्या, एकीनं पार्लर काढलं होतं, आणि दोघांचे नंबर आता दुसऱ्याच कुणाचे होते. त्यातल्या एका नंबरावरच्या आजोबांनी मला कांद्याचा भाव विचारला.

मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्या फेब्रुवारीनंतर, मे महिन्यात, निवृत्त झाले. शिक्षिका नव्हते, वसतिगृहाची अधीक्षिका होते. म्हणजे जेवण, अंथरुणं, उवा, खरूज आणि कोठीच्या किल्ल्या. मी लागले तेव्हा वर्गात हात वापरायला बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं, हात हलले की पट्टी. पण पाच वाजता मुलं वसतिगृहात आली की हात सुटायचे. नळावर, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना नुसता गलका चालायचा, आणि आवाज म्हणाल तर फक्त बादल्यांचा. खुणा मी तिथे शिकले. माझे गुरुजी सहा ते सोळा वयाचे होते. आमटीत मीठ कमी पडलं की ते मला चाळीस मुलं एकदम सांगायची. त्यामुळे पहिल्या महिन्यात मला ‘मीठ’ ही खूण आली आणि पुढे स्वयंपाकही सुधारला.

कर्णबधिर माणसं हाक मारायला नाव बोटांनी लिहीत बसत नाहीत, खूण ठेवतात. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून माझं नाव ‘किल्ल्या’. कमरेशी दोन बोटं फिरवली की मी. आजही आमच्या शाळेतून शिकून चाकणला नोकरी करणारे मिशावाले बाप्ये मंचरच्या स्टँडवर रस्त्याच्या पलीकडून कमरेशी बोटं फिरवतात आणि मी शेंगदाण्याची पुडी हातात धरून तिथेच दहा मिनिटं गप्पा मारते. अशा वेळी मला वसतिगृहाचा तो नळ आठवतो. आता तिथे फिल्टर बसवलाय.

पुढे शाळेतही हातांना परवानगी मिळाली. मी पुण्याला जाऊन रीतसर परीक्षा दिली आणि जुन्नर-आंबेगावात ‘खुणांची बाई’ म्हणून मला बोलावणं यायला लागलं. तलाठी, डॉक्टर, बँक, कोर्ट. एका गावच्या पुढाऱ्यांनी सभेला बोलावलं. मी विचारलं, कर्णबधिर माणसं किती आहेत? ते म्हणाले, “एकबी न्हाई बाई, पर टीव्हीवर भाषणाच्या शेजारी असत्यात ना तशा, फोटोत बरं दिसतं.” मी गेले नाही. आणे गावच्या पठारावर एका कर्णबधिर मेंढपाळाच्या पोलीस जबानीसाठी गेले, तर त्यांनी जन्मात शाळा पाहिलेली नव्हती. माझ्या खुणा त्यांना परक्या, त्यांच्या मला. लोकर कातरायची खूण तेवढी मला कळली. शेवटी त्यांच्या बायकोला शेजारी बसवलं. ती त्यांच्या घरच्या खुणा मला समजावून द्यायची आणि मी पोलीस अंमलदाराला सांगायचे. एका वाक्याला दोन बाया लागल्या, पण जबानी खरी झाली.

लोकांना वाटतं, ज्याला खुणा येतात तो दुभाषी. मग घरातलाच कुणी पुढे करतात. चुलतभाऊ, वहिनी, नाहीतर दहा वर्षांची मुलगी. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि वहिनी दोन खुणा करते, गोळी खा, गप्प झोप. मधलं सगळं वहिनीच्या पोटात राहतं. कर्णबधिर माणसाला जगात सर्वांत जास्त चीड कशाची असेल तर एका उत्तराची: ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर कधी येत नाही. म्हणून दुभाषी शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले, घरचा नको. आणि निवड ज्याला ऐकू येत नाही त्यानं करायची, तुम्ही नाही. माझी एक साधी परीक्षा आहे. उमेदवाराला आणि त्या माणसाला दहा मिनिटं एका खोलीत बसवायचं. बाहेर आल्यावर उमेदवाराला काही विचारायचं नाही. त्या माणसाला विचारायचं.

त्या गुरुवारी मी यादीवर बसले असताना सारिका आली. निमगाव साव्याची. सहाव्या वर्षी शाळेत आली तेव्हा भुवईवर मेंढ्याच्या धडकेची खूण होती, तेच तिचं नाव. तिच्या आजोबांची मेंढरं होती, बापानं ती विकून कांदा आणि ऊस धरला. सारिका आता चोवीस वर्षांची होती आणि नारायणगावात एका शिवणकामाच्या कारखान्यात भरतकामाच्या मशीनवर बसायची. चार सुयांचं मशीन. बिघडलं तर दुरुस्तही तीच करायची.

ती म्हणाली, “रविवारी मला बघायला येणार आहेत. दुभाषी हवा.” (सारिकाचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. ती बोलली हातांनी, हे धरून चला.)

मी यादी पुढे केली. मंचरची रुपाली त्या दिवशी शाळेतच आली होती. सव्वीस वर्षांची, नव्यानं शिकलेली, काही धडे माझ्याकडेच घेतलेली. दोघींना खोलीत बसवलं. सारिकानं तिची परीक्षा आपल्या पद्धतीनं घेतली. कारखान्याच्या मालकाला फोन लावायला लावला आणि दोन आठवडे सांगूनही मशीनचा सुटा भाग आणला नाही म्हणून त्याला झापायला सुरुवात केली. रुपालीनं ते झापणं तसंच्या तसं फोनवर झापलं. मी दारातून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “अगं, जरा सौम्य घ्यायचंस.”

“तिनं कुठे सौम्य म्हटलं, बाई?” रुपाली म्हणाली.

सारिका बाहेर आली आणि तिनं अंगठा वर केला. निवड झाली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण संध्याकाळी सारिकाचे वडील, बबनभाऊ, यांचा फोन आला. “बाई, ती मंचरची पोरगी चांगली असंल, पर परकी हाय. घरातलं बोलणं व्हनार. तुमीच या ना. तुमच्या हाताखाली वाढलीया ती.”

ही चूक फक्त आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगितलं, घरचा नको. आणि जिनं त्या मुलीला न्हाऊ घातलं होतं, जी तिच्या तापात उशाशी बसली होती, ती मी घरची नव्हे असं धरून चालले. खरं सांगायचं तर रुपालीचं नाव आलं ते मला टोचलंही होतं. मी सारिकाला व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, रविवारी मीच येते.

 ती म्हणाली, “तू आलीस तर तू आई होशील. मला आई आहे.”

“मी काम करायला येणार आहे, आई व्हायला नाही.”

तिनं खांदे उडवले. वडिलांनी आधीच ठरवलंय हे तिला कळलं होतं.

मुलगा महाळुंगे पडवळचा. संतोष त्याचं नाव, कान शाबूत, चाकणला कंपनीत. सोबत त्याचे वडील, गुडघ्यांनी अधू झालेली आई काठी टेकत, आणि एक आत्या. आत्या अशी ऐसपैस की तिच्या एकटीसाठी वेगळी जीप करावी लागली असती.

रविवारी बबनभाऊंच्या घरी पहिला वाद झाला तो बसण्यावरून. रीतीप्रमाणे मुलगी पाटावर, मान खाली, आणि बायका तिच्या मागे. मी पुरुषांच्या रांगेत, संतोषच्या शेजारी खुर्ची टाकली. तिला मी समोर दिसायला हवे. बबनभाऊंच्या चेहऱ्यावर संकोच आला. त्यात सारिकानं मान वर केली आणि नजर माझ्या हातांवर लावली.

“पोरगी लई टक लावून बघती वो,” आत्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “आत्याबाई, तिचे कान डोळ्यांत आहेत. मान खाली घालायला लावलीत तर ती खरंच बहिरी.”

“बरं बरं, बघू दे. आमच्या संत्याकडं बघन्यासारखं तरी काय हाय.” सगळे हसले. हे मी सांगितलं. सारिकाही हसली. संतोषनं तिच्याकडे बघून हात हलवला, कुणाला दुरून हाक मारावी तसा. चांगली सवय. बाकीचे लोक खांद्याला ढोसतात.

मग पोहे आले आणि आत्यांना कंठ फुटला. “एक बरंय बाई, बोलत न्हाई ती. आमच्या थोरल्या सुनेचं तोंड ऐकून ऐकून कान किटलं. ही आली की घरात सगळं गपगार.” पुन्हा हशा. बबनभाऊसुद्धा हसले, मुलीचा बाप म्हणून हसावं लागतं तसे.

सारिकानं विचारलं, “काय म्हणाल्या? का हसले?”

आणि मी म्हटलं, “काही नाही, पोह्यांबद्दल गंमत.”

एवढंच. हात आपोआप तसे गेले. म्हटलं, कशाला तिचा दिवस खराब करा.

यानंतर सारिकानं सांगितलं, मला बोलायचंय. तिनं हात पुसले, पाठ ताठ केली. ती म्हणाली, “मुलगा मला पसंत आहे. माझ्या दोन अटी आहेत. मी मशीनचं काम सोडणार नाही. आणि यानं लग्नाच्या आधी सहा महिने माझी भाषा शिकायची. हे जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी नाही म्हणते.”

मी सगळ्यांकडे पाहिलं. संतोषच्या आईचे पाय सुजलेले होते. बबनभाऊ घाम पुसत होते. या मुलीसाठी ते कितव्यांदा पोहे करत होते ते मला माहीत होतं. मी मराठीत म्हटलं, “मुलगा पसंत आहे म्हणते. तिला तिच्या कामाची फार आवड आहे. आणि यांनी थोड्या खुणा शिकल्या तर तिला आनंद होईल.”

‘नाही’ हा शब्द मी खाल्ला. अट होती तिची आवड केली. वाक्य कसं गोड झालं.

संतोषचे वडील म्हणाले, “आवड हाय तर चांगलंच हाय की.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सारिकानं त्या माना पाहिल्या. तिला वाटलं, तिच्या अटी कबूल झाल्या. ती इतकी मोकळी हसली की तिची आई पदरानं डोळे पुसायला लागली. पुढच्या रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. मी घरी आले ती समाधानानं. हे लिहिताना अजूनही लाज वाटते, की त्या दिवशी मला आपण फार चांगलं काम केलं असं वाटत होतं.

शुक्रवारी, सुपारीच्या दोन दिवस आधी, पाचच्या सुमाराला सारिका माझ्या दारात आली. चप्पल न काढता आत आली. हातात मोबाइल.

तिच्या चुलतभावानं रविवारचं सगळं मोबाइलवर टिपलं होतं. गुरुवारी आत्याबाईंनी सारिकाच्या आईला फोनवर सांगितलं होतं, कामाचं काय, लग्न झालं की सुटंलच ते. धाकट्या बहिणीनं ते सारिकाला सांगितलं. सारिका कुणाशी भांडली नाही. तिनं तो व्हिडिओ रुपालीला पाठवला आणि लिहिलं, किल्ल्या तोंडानं जे म्हणाली ते मला हातांनी सांग.

रुपालीनं सांगितलं होतं. सारिकानं मोबाइल माझ्यापुढे टेबलावर उभा केला. पडद्यावर रुपाली माझी वाक्यं खुणांनी करत होती. आवड. आनंद. थोड्या खुणा. आणि आत्यांचं गपगार. चेहरा अगदी कोरा ठेवून. दुसऱ्याचं बोलणं सांगताना चेहरा आपला ठेवायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

“तू माझं वाक्य बदललंस,” सारिका म्हणाली.

“तुझ्या भल्यासाठी. तू ‘नाही’ म्हणालीस असं सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथे उठून गेले असते.”

“गेले असते. मग?”

मी मोबाइल आडवा करायला हात पुढे केला, तिनं तो परत उभा केला.

“शाळेत आमच्या हातांवर पट्टी बसायची,” ती म्हणाली, “तेव्हा आम्हाला माहीत असायचं की आमचे हात बंद केलेत. तू बंद केलेस तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. मी हसत बसले.”

मी पाणी आणायला उठले. तिनं टेबलावर दोनदा थाप मारली. बस, माझ्याकडे बघ. लहानपणी मुलं नळावर अशीच बादलीवर थाप मारायची.

“मला माफी नको. परवा सुपारी आहे. तो मुलगा मला आवडलाय. माझं बोलणं त्याच्यापर्यंत गेलेलंच नाही. आता काय करायचं ते सांग.”

मी रुपालीला फोन लावला आणि विचारलं, उद्या सकाळी महाळुंग्याला येशील का. ती म्हणाली, “सारिकाला मी हवी असेन तर येते. तुम्हाला हवी असेन तर नाही.” मी ते सारिकाला जसंच्या तसं सांगितलं. सारिका म्हणाली, “तिला म्हणावं, पहिल्या गाडीनं ये.” मग बबनभाऊंना फोन केला आणि मी काय केलं ते सांगितलं.  “बाई, तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं,” एवढं म्हणाले आणि सकाळी येतो म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौघं महाळुंगे पडवळला संतोषच्या दारात होतो. संतोषला सुट्टी होती. घराशेजारच्या मेंढवाड्यात मेंढरं होती, ती अजून सोडली नव्हती. ओसरीवर चटई टाकली. रुपाली संतोषच्या शेजारी बसली, सारिका समोर. मी भिंतीला टेकून बाजूला बसले आणि म्हटलं, “रविवारी सारिका जे म्हणाली ते मी बदलून सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही, तिच्या वडिलांचीही नाही. आता ती पुन्हा सांगेल. हात माझे नसतील.”

सारिकानं सांगितलं, त्याच क्रमानं. रुपालीनं ते मराठीत म्हटलं, अटीला अट आणि नाहीला नाही.  वाड्यात एक मेंढरू खोकत होतं.

संतोष खाली बघत होता. मग आठवण झाल्यासारखी त्यानं मान वर केली, म्हणजे तिला त्याचा चेहरा दिसावा. “कामाचं मला चाललं असतं,” तो म्हणाला. “खुणा बी शिकलो असतो. पर आईला उठवाय-बसवाय घरात माणूस लागतंय. मी दिसभर चाकणला. त्यासाठीच घाई केलीया लग्नाची. खोटं कशाला बोलू?”

सारिका म्हणाली, “हे रविवारी का सांगितलं नाहीस?”

“रविवारी कुनी विचारलंच न्हाई.”

मी चटईच्या काठाकडे बघत बसले.

“मग जमणार नाही,” सारिका म्हणाली. “खरं सांगितलंस, बरं केलंस. चहा घेऊन मी दहाच्या गाडीनं कामावर जाते.”

त्याची आई काठी बाजूला ठेवून रडायला लागली. बबनभाऊ उठून अंगणात गेले आणि मेंढरांकडे बघत उभे राहिले. आत्याबाई चहा घेऊन आल्या. रुपालीपाशी वाकून हळूच विचारलं, “अन् माझी ती गंमत? गपगारची? तीबी सांगितली व्हय तिला?”

“सांगितली,” रुपाली म्हणाली, आणि आत्यांचा हा प्रश्नही तिनं सारिकाला सांगितला.

सारिकानं कप खाली ठेवला. “आत्या, मी लई बोलते. बघणाऱ्याचे डोळे किटतात.”

रुपालीनं हे आत्यांच्याच बोलीत म्हटलं. आत्या म्हणाल्या, “अगं बया! ही तर आमच्या थोरलीच्या वर हाय.” आणि त्यांनी सारिकाच्या कपात आणखी चहा ओतला.

दहाची गाडी भरलेली होती. बबनभाऊ पुढे दाराशी उभे राहिले. सारिका आणि रुपालीला मागच्या बाजूला दोन जागा मिळाल्या, मी त्यांच्या पुढच्या सीटवर. बोलणाऱ्यांचे हात मोकळे लागतात. सारिकानं आपली पिशवी आणि जेवणाचा डबा माझ्या मांडीवर टाकला, मग रुपालीची पर्सही ओढून माझ्याकडे दिली आणि तिच्याकडे वळून बसली. नारायणगाव येईपर्यंत दोघी बोलत होत्या. मी सामान धरून पुढे बघत बसले.